कानाखालची गाठ, चेहऱ्याची नस आणि ‘रंगीत’ एमआरआय

दोंडाईच्याहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आईंचं वय ५२. डाव्या कानाच्या पाळीखाली सहा वर्षांपासून गाठ आहे, दुखत नाही, पण हळूहळू वाढतेय. सोनोग्राफीत आकार तीन सेंटीमीटर आला. सुईच्या तपासणीत ‘प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा’ निघालं, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आणि तोंड वाकडं होण्याची शक्यताही सांगितली. तेव्हापासून आई ‘राहू द्या, दुखत तर नाही’ असं म्हणतायत. त्यात सुरतेच्या मावसभावानं सांगितलं की तिकडे एक एमआरआय होतो, त्यात चेहऱ्याची नस रंगीत दिसते आणि तो केला की नसेला धक्का लागतच नाही. तर सुरतेला जावं का, आणि त्या एमआरआयशिवाय ऑपरेशन करणं धोक्याचं आहे का, हा तुमचा प्रश्न.

आधी उत्तर सांगतो. साधा पण नीट केलेला एमआरआय जरूर करून घ्या. रंगीत नसेसाठी सुरत गाठायची तुमच्या आईंना बहुधा गरज नाही. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण गाठ नसेच्या बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या अंगाला, हे तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून कळत नाही. आणि बाकी सगळं त्यावरच ठरतं.

मी जळगावात कान-नाक-घशाची आणि मानेची ऑपरेशनं करतो. या गाठीचं नाव काढलं की ओपीडीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, बऱ्याचदा अहिराणीतच: ‘तोंड वाकडं व्हई जाई का?’ ही भीती अगदी रास्त आहे, कारण ही नस खरोखरच गाठीच्या वाटेत असते.

आईंची गाठ आहे ती पॅरोटिड नावाच्या लाळग्रंथीत. गालगुंड झाल्यावर जी ग्रंथी सुजते तीच ही. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानामागच्या हाडातल्या एका छिद्रातून बाहेर येते आणि थेट या ग्रंथीत शिरते. आत गेल्यावर तिचे दोन फाटे होतात, पुढे त्यांच्या पाच मुख्य फांद्या. कपाळ, डोळ्याची पापणी, गाल, खालचा ओठ आणि मान असं काम त्या वाटून घेतात. तुमच्याकडे ठिबक असेल तर चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. मेन लाइन एकाच ठिकाणाहून शेतात शिरते, मग सबमेन, मग बारीक लॅटरल, आणि सगळं मातीखाली. ग्रंथीतही या फांद्या वरून अजिबात दिसत नाहीत. ग्रंथीचा ‘वरचा भाग’ आणि ‘खोल भाग’ असं आम्ही म्हणतो खरं, पण त्या दोघांमध्ये कुठला पडदा नसतो. नस जिथून जाते तीच त्यांची सीमा.

पॅरोटिडमधल्या ८० टक्क्यांच्या आसपास गाठी कॅन्सरच्या नसतात आणि त्यांत तुमच्या आईंना आहे हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. दहापैकी आठ-नऊ गाठी नसेच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे वरच्या भागात असतात. ही तुमच्यासाठी चांगली बातमी.

आता आईंच्या ‘राहू द्या’बद्दल, कारण एमआरआयपेक्षा हा मुद्दा मोठा आहे. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा साधी गाठ असली तरी ती आपणहून जिरत नाही, आणि वर्षं जातील तसा तिच्यात कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. पहिल्या पाच वर्षांत हा धोका दीड टक्क्याच्या आसपास असतो, पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाठींमध्ये तो दहा टक्क्यांच्या घरात जातो. तुमची सहा वर्षं झाली आहेत. उद्याच्या उद्या धावपळ करायचं कारण नाही, पण ‘बघू पुढच्या वर्षी’ असं म्हणत आणखी दहा वर्षं काढण्यासारखीही ही गाठ नाही. शिवाय तीन सेंटीमीटरची गाठ काढणं आणि सात सेंटीमीटरची काढणं यांत नसेच्या दृष्टीनं बराच फरक आहे. मोठी गाठ नसेला ताणून पातळ करते. नसेच्या भीतीनं थांबलेला पेशंट शेवटी नसेचा धोका वाढवूनच येतो, हे खान्देशात मी फार पाहतो. लेप लावणं, चोळून घेणं, डाग देणं यात मधली वर्षं जातात, ती वेगळीच.

कुणी ‘वरून छोटी चीर देऊन गाठ टुचकन काढून देतो’ म्हणालं, तर नको म्हणा. या गाठीचं कवच काही ठिकाणी विरळ असतं आणि गाठीचे कोंब त्यातून बाहेर डोकावत असतात. नुसती गाठ उकरून काढली तर हे कोंब मागे राहतात आणि काही वर्षांनी एकाच्या जागी मोहरीसारख्या पुष्कळ गाठी उगवतात. जुन्या पद्धतीनं उकरून काढलेल्या गाठी २० ते ४५ टक्के पेशंटमध्ये परत आल्याच्या नोंदी आहेत. भोवतालच्या ग्रंथीसकट काढल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं. परत आलेल्या गाठीचं ऑपरेशन हे नसेसाठी सर्वांत अवघड, कारण तिथे नस व्रणात चिकटून बसलेली असते. तेव्हा पहिलं ऑपरेशन नीट होणं हाच नसेचा खरा विमा.

आता एमआरआयकडे येऊ. साध्या एमआरआयमध्ये ग्रंथीतली नस सहसा दिसत नाही. तिचं मूळ खोड जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचं, फांद्या मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक, आणि भोवती चरबीनं भरलेली ग्रंथी. मग आम्ही खुणांवरून अंदाज बांधतो. जबड्यामागून एक शीर खाली उतरते आणि ती एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते. बहुतेक लोकांत नस या शिरेच्या लगेच बाहेरच्या बाजूनं जाते. गाठीनं ही शीर आत ढकलली असेल तर गाठ वरच्या भागात, बाहेर ढकलली असेल तर खोल भागात, असा आमचा ढोबळ हिशोब. तो प्रत्येक वेळी बरोबर येतो असं नाही. काही लोकांत नस शिरेच्या आतूनही जाते, आणि गाठ मोठी असली की शीर दबून दिसेनाशीही होते. तरीही रोजच्या कामाला हा हिशोब पुष्कळ पुरतो.

साधा एमआरआय आणखी दोन गोष्टी सांगतो आणि त्यासाठीच मी तो मागतो. पहिली, गाठीचा खोलातला कोपरा. सोनोग्राफीला जबड्याच्या हाडाची सावली आड येते, त्यामुळे हाडामागे काय चाललंय ते तिला दिसत नाही. गाठ जबड्यामागून घशाच्या बाजूला गेली असेल, कधीकधी टॉन्सिल आत ढकललेला असतो, तर ऑपरेशनची तऱ्हाच बदलते. दुसरी, गाठीचा स्वभाव. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा एका प्रकारच्या चित्रात, ज्याला टी-टू म्हणतात, चांगली पांढरी चमकते आणि कडेला काळी रेघ असते. तसं न दिसता कडा विस्कटलेल्या दिसल्या, तर सुईचा रिपोर्ट काहीही असो, मी थांबून पुन्हा विचार करतो.

मावसभाऊ म्हणतात तो एमआरआयही खोटा नाही. त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना लोक त्या एकत्र करतात.

एकीत चुंबक ताकदवान असतो, शक्यतो ३ टेस्लाचा, आणि चेहऱ्यालगत वेगळी कॉइल (शरीरातून येणारे संकेत टिपणारं वेटोळं) बसवून फार पातळ काप घेतले जातात. डेससारख्या खास सीक्वेन्समध्ये, म्हणजे चित्र घेण्याच्या ठरावीक पद्धतीत, चरबी विझते आणि नस आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा उजळ, दोऱ्यासारखी उठून दिसते. तिचं मूळ खोड आणि पहिले दोन फाटे यात चांगले ओळखता येतात. पुढच्या बारीक फांद्या मात्र सगळ्यांच्याच दिसतील असं नाही. लाळेची नळीही ग्रंथीतून पुढे जाते आणि उजळ दिसते. अनुभव कमी असलेला माणूस तिलाच नस समजू शकतो.

दुसरी म्हणजे ट्रॅक्टोग्राफी, हेच ते रंगीत चित्र. नसेतल्या तंतूंच्या लांबीच्या दिशेनं पाण्याचे रेणू सहज सरकतात, आडवे तितके सरकत नाहीत. ही दिशा मोजण्याचं तंत्र १९९४ साली अमेरिकेत मांडलं गेलं. त्या मोजणीवरून संगणक अंदाज करतो की तंतू इथून तिथे गेले असावेत आणि तशी रंगीत रेघ काढतो. म्हणजे ती रेघ नसेचा फोटो नसून गणितातून निघालेला अंदाज असतो. यात मोजणीचा एकेक ठोकळा साधारण दोन मिलिमीटरचा, आणि आपली फांदी एक मिलिमीटरची. वर कानामागच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांनी चित्र ओढलं जातं. दातांवर धातूच्या टोप्या असतील तर त्यांचाही त्रास होतो. गाठीनं नस चपटी केली असेल तर रेघ मध्येच तुटते. नस तिथे असूनही चित्रात नसते, आणि उलटही होतं.

ट्रॅक्टोग्राफीबद्दल जे व्हिडिओ फिरतात, त्यांतले पुष्कळसे कानाच्या नसेवर कवटीच्या आत होणाऱ्या गाठीचे असतात. वेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात ती. तिथे मोठ्या गाठीवर चेहऱ्याची नस पापुद्र्यासारखी पसरलेली असते आणि ती गाठीच्या पुढे आहे की वर, हे आधी कळलं तर मेंदूच्या सर्जनला फार मदत होते. आईंची गाठ कवटीच्या बाहेरची, लाळग्रंथीतली. तिथला फायदा जसाच्या तसा इथे लावू नका.

मग मी स्वतः हा खास एमआरआय कधी सांगतो? त्या चित्रानं माझा निर्णय बदलणार असेल तेव्हा. साध्या एमआरआयमध्ये गाठ खोल भागात वाटते, किंवा वरची की खोलची हे ठरतच नाही, तेव्हा. गाठ थेट कानामागच्या हाडातल्या त्या छिद्रापाशी, नसेच्या उगमालाच टेकलेली असते, तेव्हा. आधी ऑपरेशन होऊन गाठ परत आलेली असते, तेव्हा तर नक्कीच. पण तिथे व्रणामुळे चित्रही नेमकं सर्वांत कमी भरवशाचं निघतं, हेही पेशंटला सांगतो. कधी गाठ नसेचीच असेल अशी शंका येते, अशा वेळीही. वरच्या भागातल्या, हलणाऱ्या, तीन सेंटीमीटरच्या पहिल्याच गाठीला मी तो सांगत नाही. कारण रंगीत चित्र हातात असो वा नसो, टेबलावर मी तेच करणार असतो.

ते काय करतो ते सांगतो, म्हणजे माझा रोख कळेल. नस शोधायला आम्ही गाठीपासून सुरुवात करत नाही. नस हाडातून बाहेर येते तिथे आधी जातो, कारण तिथे ती एकच आणि जाड असते. कानाच्या पुढच्या कूर्चेचं आतलं टोक लागलं की नस तिथून साधारण एक सेंटीमीटर खाली आणि खोल. कानामागच्या हाडापासून जबड्याखाली जाणाऱ्या एका स्नायूची वरची कड दिसली की नस त्याच खोलीवर. हाडातली एक खाच बोटाला लागते, तिथून सहा-आठ मिलिमीटर आत. या तिन्ही खुणा जुळल्या की नस डोळ्यांसमोर येते, आणि मग तिच्यावरूनच पुढे सरकत फांद्या एकेक करून मोकळ्या करायच्या, गाठ भोवतालच्या ग्रंथीसकट उचलायची. काही सर्जन लहान, हलत्या गाठींना नस पूर्ण न उघडता गाठीभोवतीनं काळजीपूर्वक जातात. योग्य गाठ निवडली आणि हात सरावलेला असला तर तेही चालतं. दोन्हीकडे नसेचं रक्षण सर्जनचा डोळा करतो, रात्री लाइटबोर्डवर पाहिलेलं चित्र नाही.

नसेचा मॉनिटर मात्र मी आवर्जून लावतो. पापणीच्या आणि ओठाच्या स्नायूत बारीक सुया असतात, नसेजवळ गेलं की यंत्र आवाज करतं. त्यासाठी भूलतज्ज्ञाला आधी सांगून ठेवावं लागतं, कारण स्नायू सैल करणारं लांब टिकणारं औषध दिलं असेल तर यंत्र गप्प बसतं. मॉनिटरनं तात्पुरता अशक्तपणा कमी होतो असं दिसलं आहे. कायमच्या इजेत मात्र मोठा फरक ठामपणे दिसलेला नाही. म्हणून तो नसला तर ऑपरेशनच नको, असं मी म्हणणार नाही. सुरतेच्या प्रवासाचा, राहण्याचा आणि दुसऱ्या एमआरआयचा खर्च मनात असेल, तर हे ऑपरेशन नेमानं करणारा सर्जन शोधण्यात तो घाला.

तोंड वाकडं होण्याचं खरं प्रमाणही समजून घ्या. अशा गाठीच्या पहिल्या ऑपरेशननंतर तात्पुरता अशक्तपणा २० ते ४० टक्के पेशंटना येतो. नस शाबूत असते, पण हाताळल्यामुळे आणि ताणामुळे काही आठवडे, कधी पाच-सहा महिने नीट काम करत नाही. सगळ्यांत जास्त फटका खालच्या ओठाच्या फांदीला बसतो, त्यामुळे हसताना ओठ एका बाजूला कमी खाली येतो. कायमचा अशक्तपणा पाच टक्क्यांच्या आत असतो. धुळ्याच्या डॉक्टरांनी शक्यता सांगितली ती बरोबरच सांगितली. ‘काहीच होणार नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा असं आधीच सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

पुढे काय करायचं? साध्या एमआरआयची चिठ्ठी सर्जनकडूनच घ्या आणि त्यावर ‘पॅरोटिड, वरचा की खोल भाग, नसेशी संबंध’ असा नेमका प्रश्न लिहून मागा. नुसतं ‘मानेचा एमआरआय’ लिहिलं की जाड काप येतात आणि मग पुन्हा करायची वेळ येते. जिथे कराल तिथे यंत्र किती टेस्लाचं आहे ते विचारा. १.५ टेस्लावरही या कामापुरतं चित्र चांगलं येतं, ३ मिळालं तर उत्तम. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देणार असतील तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या, विशेषतः आईंना शुगर किंवा बीपी असेल तर. हृदयात पेसमेकर असेल, मेंदूत क्लिप असेल किंवा कानात इम्प्लांट असेल तर ते आधीच सांगा. फिल्मवर भागवू नका, सीडी किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण चित्रं मागा. सर्जनला काप वर-खाली सरकवून बघायचे असतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून हे ऑपरेशन त्यांच्याकडे योजनेत बसतं का ते विचारा. पैसे मोजायच्या आधी विचारा, नंतर नाही.

चित्रं घेऊन सर्जनकडे गेलात की तीन गोष्टी विचारा. गाठ नसेच्या बाहेर वाटते की आत? पॅरोटिडची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? मॉनिटर आहे का, नसला तर नस कशी शोधता? तिसऱ्या प्रश्नावर वर लिहिलेल्या खुणांसारखं काही तो सहज सांगू लागला, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. त्यानं स्वतःच ‘गाठ खोल आहे, खास सीक्वेन्स हवेत’ म्हटलं, तर मग जरूर सुरतेला किंवा नाशिकला जा, पण त्याचीच चिठ्ठी घेऊन.

एका परिस्थितीत मात्र हे सगळं बाजूला ठेवा. ऑपरेशनच्या आधीच आईंचा डोळा नीट मिटत नसेल, ओठ वाकत असेल, गाठ महिन्या-दोन महिन्यांत झपाट्यानं वाढली असेल, दुखू लागली असेल किंवा मानेत आणखी गाठी लागत असतील, तर ती साधी गाठ धरून चालायचं नाही. तेव्हा लगेच कॅन्सरचं काम करणाऱ्या केंद्रात दाखवा.

ऑपरेशननंतरचं थोडं, कारण याबद्दल कुणी आधी सांगत नाही. डोळा पूर्ण मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी, एवढं नस परत येईपर्यंत काटेकोर पाळायचं. उन्हाळ्यात आपल्याकडच्या धुळीत तर जास्तच. जखमेतून लाळ झिरपू नये म्हणून पहिले दोन-तीन आठवडे कैरी, लिंबू, लोणचं, ठेचा बंद. पुढे काही महिन्यांनी तिखट शेवभाजी खाताना त्या बाजूच्या गालाला घाम फुटला तर घाबरू नका. लाळेच्या तुटलेल्या बारीक नसा घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात म्हणून तसं होतं. बहुतेकांना त्याचा फारसा त्रास नसतो, झालाच तर इलाज आहे. आणि कानाची पाळी बधिर होईल हे आईंना नक्की सांगा. पाळीकडे जाणारी संवेदनेची नस या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा कापावी लागते. कानातलं घालताना टोचलेलं कळणार नाही, म्हणून पहिलं वर्षभर कानातलं आरशात बघूनच घालायचं.